टॅबचे पैसे ही फीच आहे, मग ती फी म्हणूनच मागा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी भांडुप पश्चिमेला राहते, एका पॅथॉलॉजी लॅबमधे टेक्निशियन आहे, मिस्टर कुरिअर कंपनीत आहेत. आम्हाला दोन मुलं, मुलगा जूनमधे नववीत जाईल आणि मुलगी सहावीत, दोघंही इथल्याच एका खाजगी इंग्लिश मीडियमच्या शाळेत, स्टेट बोर्ड. शाळेचं नाव लिहीत नाही, एक तर मुलांना तिथेच शिकायचंय आणि दुसरं म्हणजे हे फक्त आमच्याच शाळेत चाललंय असं नाही, माझ्या बरोबर काम करणारी मुलुंडची मैत्रीण आहे तिच्या मुलाकडे पण हेच, नणंद कांदिवलीला असते तिच्या मुलीला तर टॅब नाही, डायरेक्ट लॅपटॉप सांगितलाय. म्हणून वाटलं की पेपरला लिहावं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रुपवर सर्क्युलर आलं. सहावी ते नववीच्या प्रत्येक मुलाकडे जूनपासून शाळेने ठरवलेला टॅब असणं कम्पल्सरी, तो शाळेने दिलेल्या लिंकवरूनच घ्यायचा, किंमत ३८,९०० रुपये, त्यात कव्हर, कीबोर्ड, तीन वर्षांची वॉरंटी आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स आलं. घरी असलेला टॅब चालणार नाही, लॅपटॉप चालणार नाही, बाहेरून तेच मॉडेल स्वस्तात मिळालं तरी चालणार नाही. ३० एप्रिलच्या आत पैसे भरायचे. आमच्या घरात दोन मुलं म्हणजे ७७,८०० रुपये, आणि एका मुलाची पूर्ण वर्षाची फी ५२,००० आहे, म्हणजे बघा, दीड मुलाची वर्षाची फी अजून एकदा भरायची, ती पण शाळा, बस, वह्या-पुस्तकं, युनिफॉर्म असा सगळा खर्च ज्या दोन महिन्यात येतो नेमका त्याच दोन महिन्यात.

मुलाच्या बाबतीत तर अजून एक गोष्ट आहे. मी क्लासटीचरना विचारलं की तो दहावीत गेल्यावर टॅबचं काय, तर त्या बोलल्या दहावीला बोर्डाचं वर्ष असल्यामुळे टॅब बंद, सगळं लिखाणावर. म्हणजे त्याच्यासाठी जे ३८,९०० भरायचे ते एका वर्षासाठी, जून ते एप्रिल. बोर्डाचा पेपर पेनाने लिहायचाय, दोन-तीन तास, सप्लिमेंट जोडून, हे शाळेलाही माहीत आहे आणि म्हणूनच दहावीला टॅब नको, मग नववीच्या मुलाला तो सक्तीने घ्यायला का लावायचा हे मला अजून कोणीही नीट सांगितलेलं नाही.

मी टॅबच्या किंवा कॉम्प्युटरच्या विरोधात अजिबात नाही हो. माझं स्वतःचं काम दिवसभर मशीन आणि कॉम्प्युटरवर चालतं. मागच्या वर्षी मुलीच्या टीचरनी वर्गातल्या प्रोजेक्टरवर हृदय कसं चालतं ते दाखवलं, त्या दिवशी ती घरी येऊन आम्हा दोघांना अर्धा तास समजावत होती, डावा कप्पा उजवा कप्पा, झडपा, सगळं. मला इतकं बरं वाटलं की मी टीचरना मेसेज केला होता. पण तो प्रोजेक्टर शाळेने घेतलाय, भिंतीवर लावलाय, वर्गातली ४५ मुलं एकदम बघतात. शाळेच्या लॅबमधे मायक्रोस्कोप असतात, मोजून आठ-दहा, मुलं पाळीपाळीने बघतात, आपण कधी मुलाच्या दप्तरात घरून मायक्रोस्कोप दिलाय का? परीक्षानळ्या, ग्लोब, नकाशे, ब्लॅकबोर्ड, बाकडी, हे सगळं शाळेचं असतं आणि आपण त्याचीच फी भरतो. माझ्या फीच्या पावतीवर कॉम्प्युटर फी म्हणून वेगळी ओळ आहे आणि ती मी पहिलीपासून भरतेय, दोन्ही मुलांची. मग शिकवायला लागणारं साधन अचानक पालकांनी विकत घ्यायची वस्तू कधीपासून झालं?

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याच्याशिवाय मुलाला वर्गात शिकता येणार नाही असं शाळाच सांगते त्याचे पैसे म्हणजे फी. त्याला डिव्हाइस म्हणा, किट म्हणा, लर्निंग पॅकेज म्हणा, आमच्या सर्क्युलरमधे "वन टाइम कॉन्ट्रिब्युशन" असा शब्द आहे. आणि फी असेल तर तिला कायदा आहे. महाराष्ट्रात २०११ चा फी नियमन कायदा आहे, मी तो बसून वाचला, मोबाईलवर, दोन रात्री, इंग्लिश कठीण आहे पण समजतं. त्यात फीची व्याख्याच अशी आहे की शाळेने कुठल्याही नावाने, सरळ किंवा आडमार्गाने घेतलेली रक्कम. पुढे असं आहे की शाळेला फी ठरवायची तर पुढचं वर्ष सुरू व्हायच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे प्रस्ताव ठेवायचा, हिशोब दाखवायचा, समितीची मान्यता घ्यायची, आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं तीच राहते. ही समिती कोणाच्या ओळखीने भरायची नसते, इच्छुक पालकांची नावं घेऊन चिठ्ठ्या टाकून लॉटरीने निवडायची असते, प्रत्येक इयत्तेतून एक पालक.

आता आमच्याकडे सर्क्युलर मार्चमधे आलं आणि वर्ष जूनमधे सुरू होतं. सहा महिने कुठे गेले? समितीत आमच्या बिल्डिंगमधलीच एक ताई आहे, पाचवीच्या पालकांतर्फे, तिला विचारलं तर ती बोलली, अगं मीटिंगमधे टॅब दाखवला आम्हाला, खूप छान प्रेझेंटेशन होतं, चहा समोसा होता, पण पैशावर मत असं कोणी विचारलंच नाही, शेवटी हजेरीच्या कागदावर सही घेतली. आणि सर्क्युलरमधे पहिलीच ओळ आहे की पालक प्रतिनिधींशी चर्चा करून हा निर्णय घेण्यात येत आहे. त्या ताईला पण ते वाचून धक्का बसला.

शाळेचं म्हणणं असं की हे फी नाहीच, पैसे आमच्याकडे येतच नाहीत, तुम्ही परस्पर व्हेंडरला भरताय. पण व्हेंडर कोण ते शाळेने ठरवलं, मॉडेल शाळेने ठरवलं, तारीख शाळेने ठरवली, आणि नाही घेतला तर मुलाला वर्गात अडचण येईल हे पण शाळाच सांगते. पुस्तकं-युनिफॉर्म एकाच दुकानातून घ्यायला लावायचे त्या वेळीही हेच उत्तर असायचं, आणि म्हणूनच पालकांनी वर्षानुवर्षं त्याच्यावर ओरड केली, सीबीएसईने २०१७ मधे आपल्या शाळांना पत्रक काढून अशी पुस्तकं-युनिफॉर्मची दुकानदारी बंद करायला सांगितलं. टॅब तर त्या सगळ्यापेक्षा कितीतरी पट महाग आहे.

ओपन डेच्या दिवशी तर शाळेच्या हॉलमधे टेबल लावलं होतं, फायनान्सवाला मुलगा लॅपटॉप घेऊन बसलेला, नो कॉस्ट ईएमआय, आधार पॅन आणलंय का मॅडम, दहा मिनिटात अप्रूव्ह होईल. मी मुलीची वह्यांची फाइल हातात घेऊन उभी होते, तिचे मार्क बघायला आले होते. बाजूलाच तिची वर्गमैत्रीण आणि तिची आई. ही मुलगी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने गरीब मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्क्यातून पहिलीला आलेली आहे, खूप हुशार आहे, माझ्या मुलीला गणित तीच समजावते. तिची आई दोन सोसायट्यांमधे पोळ्या करते. तिने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ताई, पगाराची स्लिप नसली तर हप्ता होतो का? मला काय बोलावं तेच कळेना. त्या बाईंना हा प्रश्न विचारावा लागायलाच नको होता. आरटीई कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्याच्या तिसऱ्या कलमात स्वच्छ लिहिलंय की आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा येईल अशी कुठलीही फी, आकार किंवा खर्च द्यायला मूल बांधील नाही. मुलीच्या आईने ऑफिसात विचारलं तेव्हा तुमचं वेगळं बघू असं तोंडी सांगितलं, लेखी काहीच दिलं नाही, आणि टीचर बोलल्या की तोपर्यंत ती शेजारच्या मुलीच्या टॅबमधे बघेल. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला हे कसं वाटेल याचा विचार करा. युनिफॉर्म एकच का असतो, कोण कुठल्या घरातून आलंय ते वर्गात दिसू नये म्हणूनच ना?

दिल्लीत असंच एक प्रकरण कोर्टात गेलं होतं. लॉकडाऊनमधे, सप्टेंबर २०२० ला दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की खाजगी शाळांनी गरीब गटातल्या मुलांना ऑनलाइन शिक्षणासाठी डिव्हाइस आणि इंटरनेट शाळेच्या खर्चाने द्यावं आणि सरकारकडून परतावा घ्यावा. पुढे सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली हे खरं, पण ऑक्टोबर २०२१ मधे त्याच सुप्रीम कोर्टाने दिल्ली सरकारला या मुलांसाठी योजना आणा असं सांगितलं, म्हणजे प्रश्न खरा आहे हे तिथेही मान्य झालं. आणि आपल्या मुंबईत तर २०१५ सालीच महापालिकेने आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब दिले होते, पालिकेने घेतले आणि मुलांच्या हातात दिले, घरी बिल पाठवलं नाही.

लॉकडाऊनचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. तेव्हा मुलगा तिसरीत आणि मुलगी सिनियर केजीत. मी लॅबला जायचे, सुट्टी नव्हतीच, माझा फोन माझ्याबरोबर, मिस्टरांचा एकच फोन घरी आणि त्याच्यावर दोघांचे क्लास. त्या वेळी केंद्र सरकारच्या गाइडलाइन्स आल्या होत्या, जुलै २०२०, पहिली ते आठवीला दिवसात ऑनलाइन क्लास दोनपेक्षा जास्त नकोत आणि एक क्लास ३० ते ४५ मिनिटांचा. मुंबईत पहिली ते सातवीच्या शाळा १५ डिसेंबर २०२१ ला उघडल्या तोपर्यंत असंच चाललं. मधेच दिराने लॅमिंग्टन रोडवरून एक रिफर्बिश्ड लॅपटॉप आणून दिला, १६,५०० ला, रॅम वाढवून. तो आजही चालतोय. मुलाचे प्रोजेक्ट त्याच्यावर होतात, मुलगी त्याच्यावर टायपिंग शिकतेय. मी शाळेत जाऊन विनंती केली की आमच्याकडे लॅपटॉप आहे, तुमचं जे काही ॲप असेल ते टाकून द्या. आयटीच्या सरांनी चांगलं समजावून सांगितलं, त्यांचा दोष नाही, ते बोलले आमचं कंट्रोल सॉफ्टवेअर फक्त ह्याच मॉडेलवर बसतं, त्याच्यातून शाळा ठरवते मुलाला काय उघडेल काय नाही, आणि लायसन्स तीन वर्षांचं आहे. मग चौथ्या वर्षी काय विचारलं, तर रिन्यू करावं लागेल. म्हणजे टॅब माझ्या पैशाचा, माझ्या घरात, पण चावी शाळेकडे, आणि मुलगी शाळा सोडून गेली तर शाळा ते कुलूप काढून देणार की नाही ते त्या कागदात कुठेच नाही. फॉर्मवर मुलीची माहिती वापरायला संमती आहे अशी एक बारीक अक्षरातली ओळ पण होती, त्याच्याखाली मी सही केलेली नाही.

आणि पावसाचं काय? जून-जुलैमधे भांडुपला स्टेशनजवळ काय होतं ते इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मुलगी रेनकोट घालून, दप्तर पुढे घेऊन, कधी कधी गुडघाभर पाण्यातून येते. वह्या भिजल्या तर इस्त्री करून वाळवतो आम्ही. टॅब भिजला तर? वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान धरलेलं नाही, त्याचा इन्शुरन्स वेगळा, दर वर्षी. सर्क्युलरमधे लिहिलंय की टॅबमुळे दप्तराचं ओझं कमी होईल. महाराष्ट्र सरकारचा २०१५ चा जीआर आहे की दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नको. माझी मुलगी ३० किलोची, म्हणजे दप्तर ३ किलोचं पाहिजे. वह्या तशाच राहणार, पुस्तकं तशीच राहणार, डबा पाण्याची बाटली आहेच, त्याच्यात कव्हर-कीबोर्ड धरून पाऊण ते एक किलोचा टॅब वाढणार. ओझं कमी कुठून होणार?

खरं तर स्टेट बोर्डाच्या मुलांसाठी बालभारतीची सगळी पुस्तकं वेबसाइटवर फुकट मिळतात, पीडीएफ. पुस्तकात क्यूआर कोड आहेत, आईबाबांच्या साध्या फोनने स्कॅन केलं की व्हिडिओ उघडतो. ही क्यूआरची कल्पना पुस्तकात आणणारे डिसले गुरुजी, रणजितसिंह डिसले, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत होते, त्यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. झेडपीच्या शाळेत, जिथे पालक शेतमजूर, तिथे त्या शिक्षकाने आहे त्या फोनवर काम होईल असा मार्ग काढला, प्रत्येक घराला नवीन यंत्र घ्यायला लावलं नाही. आपल्या मुंबईतल्या शाळांनी हे बघायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सरकारलाही एक सांगायचंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला, फार चांगलं केलं. पण टॅब-लॅपटॉपवर अजून १८ टक्के आहे. म्हणजे आमच्या ३८,९०० मधे जवळपास सहा हजार टॅक्सच आहे. शाळांनी टॅबला वही म्हणायचं आणि सरकारने त्याच्यावर १८ टक्के टॅक्स घ्यायचा, दोन्हीचा भार शेवटी एकाच घरावर.

शाळेला टॅब वापरायचेच असतील तर त्यांनी ३०-४० टॅब घ्यावेत, कपाटात चार्जिंगला ठेवावेत, ज्या तुकडीचा तास असेल तिला द्यावेत, शाळेच्या लॅबमधल्या मायक्रोस्कोपसारखं. त्याचा जो काही खर्च मुलामागे येईल तो सप्टेंबर-ऑक्टोबरमधे समितीपुढे ठेवावा, आम्ही बघू, पटलं तर भरू, मी स्वतः होकाराचा हात वर करीन. घरी वापरायचा असेल तर ज्याच्याकडे जे आहे ते चालू द्या. आणि शिक्षण विभागाने एकदा स्पष्ट पत्रक काढावं की कुठल्याही बोर्डाच्या शाळेला पालकांवर ठराविक डिव्हाइसची सक्ती करता येणार नाही, कारण आत्ता आम्ही कायदा दाखवला की आम्हालाच विचारतात, यात टॅब असा शब्द कुठे आहे दाखवा.

तक्रार करायची सोय आहे, विभागीय शुल्क नियामक समिती आहे, पण एकट्या पालकाचं तिथे चालत नाही, २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. मला हे खूप अन्यायाचं वाटतं. आमच्या एका इयत्तेत चार तुकड्या, १८० मुलं, एका इयत्तेपुरतं धरलं तरी ४५ सह्या लागतात. आणि लोक घाबरतात, त्यांचं चूक नाही, मुलाला टार्गेट करतील, प्रोजेक्टचे मार्क कापतील, गॅदरिंगला घेणार नाहीत ही भीती प्रत्येक आईच्या पोटात असते, माझ्याही आहे. मी ग्रुपवर कायद्याचं कलम टाकलं त्याच संध्याकाळी ग्रुप फक्त ॲडमिनला मेसेज करता येईल असा करून टाकला. मग आम्ही चौघीजणी घरोघरी जायला लागलो, टेंभीपाडा, गावदेवी, कोकणनगर, रात्री जेवणं आटोपल्यावर. काही जणांनी दार उघडून पाणी दिलं, सगळं ऐकलं आणि हात जोडले, ताई आम्हाला यात घेऊ नका. एका बाबांनी टॅबचे पैसे आधीच भरले होते, सोन्याची चेन ठेवून, तरी त्यांनी सही केली. ती पोळ्या करणारी ताई सगळ्यात पहिली सही करायला तयार झाली, तिलाच आम्ही थांबवलं, बोललो आधी आमच्या होऊ देत, तुझी मागाहून घेऊ.

मुलगी रोज विचारते, मम्मी माझा टॅब येणार ना, सगळ्यांचा येतोय. मी तिला खरं काय ते सांगितलंय, की आपण विचारतोय, उत्तर आलं की ठरवू. ३० तारीख आठवड्यावर आलीय. मी अजून पैसे भरलेले नाहीत. सहावीच्या यादीत काल रात्रीपर्यंत ३१ सह्या झाल्यात, अजून १४ पाहिजेत, आणि आज मी ड्यूटीवरून सुटल्यावर आम्ही कोकणनगरच्या उरलेल्या चाळी करणार आहोत. तुम्ही हे पत्र छापलंत तर त्याचं कात्रण बरोबर घेऊन जाईन, कागदावर छापलेलं दिसलं की माणसं दार जरा जास्त वेळ उघडं ठेवतात.

आपली,
एक पालक
भांडुप (पश्चिम), मुंबई